तीन नंबरच्या दारातली झडप

मी एक जुनी झडप आहे. मित्रांनो, झडप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादी सुबक, पडदे लावलेली खिडकी आली असेल तर ती आधी पुसून टाका. मी पोलिसांच्या कोठडीच्या लोखंडी दारात बसवलेली, ताटाएवढी लोखंडी फळी आहे. माझी कडी बाहेरून आहे. आतल्या माणसाला मला उघडता येत नाही. माझ्यातून जेवणाचं ताट आत जातं, रिकामं ताट बाहेर येतं, आणि दिवसभर पहाऱ्यावरच्या माणसाचे डोळे आत डोकावून जातात. पुढून एक बोळ आणि मागून एक खोली, एवढंच जग मला दिसलं. पण माणसं म्हणाल तर मोठमोठ्या बंगल्यांच्या दारांनीही पाहिली नसतील इतक्या तऱ्हेची पाहिली. याचा मला थोडा गर्व आहे. म्हातारपणी तेवढा असू द्यावा.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. पाण्याच्या टाकीचा उरलेला पत्रा कोपऱ्यात पडला होता, त्यातून मला कापलं. कारागीर जेवायला निघाला होता आणि त्याच गडबडीत त्यानं माझी बिजागरी बसवली. ती जराशी तिरकी बसली. दुकानाचा मालक म्हणाला, "अरे, ही वाकडी लागली की!"

"चालतंय हो," कारागीर हात धुता धुता म्हणाला. "कोठडीचं दार आहे. कुणाच्या दिवाणखान्यात लावायचंय?"

त्या एका 'चालतंय'मुळे मी जन्मभर करकरत राहिले. उघडताना करकर, मिटताना करकर. साधीसुधी नव्हे, दातांतून कळ जावी अशी. बोळात ओळीनं चार दारं होती आणि चारही दारांना झडपा होत्या. बाकीच्या तिघी मुकाट उघडायच्या. तीन नंबरची मी तेवढी बोंब मारायची.

आमच्या बोळाची शिस्त आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आत जाणाऱ्याचा पट्टा, बुटांच्या नाड्या, खिशातल्या वस्तू काढून घेतात. बूट दाराबाहेर ठेवायचे. आत सिमेंटचा ओटा, एक घोंगडी, प्लास्टिकचा मग. बस्स. दाराबाहेरच्या बुटांवरून मला आतल्या माणसाची ओळख पटायची. चिखलाचे बूट, पॉलिशचे बूट, एकदा तर लग्नातले मोजड्यांसारखे नवेकोरे बूट आले होते. आत आलेला गुन्हेगार आहे की नाही हे ठरवणारे दुसरे. पहाऱ्यावरच्याचं काम वेगळं. जो आत आला तो जसा आला तसा, धडधाकट, पुन्हा बाहेर गेला पाहिजे. हे काम ऐकायला सोपं वाटतं. करणाऱ्याच्या मात्र नाकी नऊ येतात.

माझ्या तरुणपणी हे काम एक काका करायचे. सगळा बोळ त्यांना काकाच म्हणायचा, आतलेसुद्धा. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. एकदा आत एक माणूस मेल्यासारखा पडला होता. काका घाबरून एकटेच दार उघडून आत गेले आणि त्यानं अंगावर झेप घेऊन त्यांची करंगळी पिरगाळली. नाटक होतं सगळं. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झाला, की दार एकट्यानं उघडायचं नाही. सोबतीला दुसरा हवाच.

या काकांचा माझ्यावर फार जीव. ते मला 'म्हातारी' म्हणायचे, मी तरुण होते तेव्हापासून! कुणी तेलाची बाटली घेऊन आलं की ते हाकलून लावायचे. "म्हातारीला हात लावायचा नाही. ती ओरडते म्हणून मला कळतं."

काय कळायचं? सांगते. मी करकरले की आतला माणूस काही ना काही करायचाच. कुणी कूस बदलायचा, कुणी घोंगडी डोक्यावर ओढायचा. बहुतेक जण शिव्या द्यायचे. काय एकेक शिव्या! माझ्या लोखंडाला लाज वाटावी अशा. आणि शिवी ऐकली की काका खूश होऊन पुढं जायचे. "शिवी देतोय ना? मग ठणठणीत आहे."

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ताई आल्या. काकांनी जाताना किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला, वाकडी करंगळी दाखवली आणि 'ही ओरडली की आतून शिवी येते, ती ऐकायची' म्हणत माझ्यावर एक थाप मारली. त्या थापेत त्यांनी मला ताईंच्या पदरात टाकलं असं मी धरून चालले.

ताई ठेंगण्या, आवाजानं मात्र सगळ्या बोळाला पुरून उरणाऱ्या. बोळाच्या टोकाला त्यांचं टेबल होतं. नवरा मालवाहू गाडी चालवायचा, तो चार दिवस घरी तर चार दिवस गावाबाहेर. मुलगी दहावीत. घरी सासूबाई, त्यांना ऐकायला कमी येतं. जेवणाच्या सुट्टीत ताई रोज घरी फोन लावायच्या आणि अख्खी कोठडी कान टवकारून ऐकायची.

"आई, गोळी घेतली का? गोळी! अहो, गोळी! हो का नाही ते सांगा. अहो आई, ओ तरी द्या! तुम्ही ओ दिल्याशिवाय मी फोन ठेवणार नाहीये."

मग दोन नंबरमधून कुणीतरी ओरडायचं, "घेतली गोळी, ताई! आता आम्हाला झोपू द्या!" आणि बोळभर हशा पिकायचा. असे दिवसही आम्ही पाहिलेत. कोठडी म्हणजे सदा रडारड असते असं समजू नका.

आणि मग एक दिवस मला तेल मिळालं.

त्याचं असं झालं. एक बाई माझ्या खोलीत आली. जावेशी भांडण होऊन डोकं फुटलं होतं, जावेचं, हिचं नव्हे. घरी तान्हं मूल होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि जरा डोळा लागला की माझी करकर व्हायची. ती दचकून उठायची, मुलाच्या नावानं हंबरडा फोडायची. शेवटी ती माझ्या फटीला तोंड लावून म्हणाली, "ताई, पाया पडते तुमच्या. हे दार ओरडलं की मला माझं बाळ रडल्यासारखं वाटतं हो."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून शिलाई मशीनचं तेल आणलं आणि माझ्या बिजागरीत थेंब थेंब सोडलं. चिंधीनं पुसलं. मला पुढंमागं करून पाहिलं. मी हूं की चूं केलं नाही. ती बाई शांत झोपली. ताईंचा पहाऱ्यावरचा जोडीदार लंबू, उंची बघून पडलेलं हे नाव, तोही म्हणाला, "वा! लोण्यासारखी चालतेय." चौकीच्या साहेबांनी येऊन स्वतःच्या हातानं उघडझाप केली आणि मान डोलावली. मित्रांनो, जन्मभर शिव्या खाल्लेल्या जिवाला कौतुक कसं लागतं ते मी तुम्हाला काय सांगू! मी हुरळून गेले. चांगल्या मनानं केलेलं काम होतं ते. त्यात वाईट काय शोधायचं?

त्यानंतर काही दिवसांनी तो रंगारी आला.

सकाळची वेळ होती. दोघांनी धरून आणला त्याला. कानांवर, नखांवर पांढरा रंग. बुटांवर तर इतके रंग उडालेले की मूळचा रंग ओळखू येईना. एका दुकानात बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली, काच फुटली. तोंडाला दारूचा वास येत होता. ताईंनी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. आजार आहे का, औषध चालू आहे का, कुठं लागलंय का.

"डोकं दुखतंय," तो म्हणाला. "पडलो तेव्हा गल्ल्याच्या कडेवर आपटलं."

"प्यायल्यावर सगळ्यांचंच दुखतं," लंबू म्हणाला.

ताईंनी तरी त्याचं डोकं चाचपून पाहिलं. रक्त नव्हतं. केसांत एक टेंगूळ होतं. त्यांनी डॉक्टरांना निरोप दिला. डॉक्टर दुसऱ्या चौकीवर अडकले होते, "येतो" म्हणाले. रंगारी ओट्यावर आडवा झाला. बूट दाराबाहेर ठेवताना ते एकमेकांशेजारी नीट लावून ठेवले होते त्यानं. प्यालेला माणूस बूट असे लावतो, याचं मला नवल वाटलं.

तो झोपला आणि घोरायला लागला. साधं घोरणं नव्हे. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसं. शेजारच्या चार नंबरमध्ये आमचा 'पाहुणा' होता. पाकीटमार. इतक्यांदा यायचा की लंबू त्याला विचारायचा, "या, किती दिवस मुक्काम?" तो भिंतीवर थापा मारून ओरडायला लागला, "अहो ताई! या मशीनला बंद करा! माणसाला झोप येते की नाही?"

ताई आल्या. मला उघडलं. मी तेल प्यालेली, गपचूप उघडले. त्यांनी आत पाहिलं. घोंगडी वरखाली होत होती. तो घोरत होता. त्यांनी मला हळूच मिटलं, झोपलेल्याची झोपमोड नको म्हणून, आणि निघून गेल्या.

पुन्हा आल्या. पुन्हा पाहिलं. पुन्हा गेल्या. डॉक्टर अजून आले नव्हते.

मित्रांनो, मी तिथंच होते. ताईंना एका नजरेत जे दिसत नव्हतं ते मला फटीतून सतत दिसत होतं. त्याचा हात ओट्यावरून खाली घसरला आणि मगाला लागला. मग गडगडत भिंतीपर्यंत गेला. त्या आवाजानं तो हलला नाही. त्याच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ खाली येत होती आणि गाल पुसायला त्याचा हात उठत नव्हता. घोरण्याच्या मध्ये मध्ये खंड पडत होता. एक श्वास, मग काहीच नाही, मग ओढून घेतलेला दुसरा श्वास.

मला ओरडायचं होतं. त्या वेळी वाटलं, हे तेल माझ्या बिजागरीतून गळून जावं आणि पूर्वीसारखी एक करकर यावी, सगळा बोळ शहारेल अशी. पण मी लोखंडाची. कुणी उघडल्याशिवाय मला हलता येत नाही आणि हलले तरी आता आवाज नव्हता. मी मुकी झाले होते.

तेवढ्यात घोरणं थांबलं.

"सुटलो एकदाचे!" पाहुणा म्हणाला. "ताई, थांबला बघा."

ताई टेबलापाशी पोहोचल्या होत्या. पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. तो पेला तसाच राहिला. मला बोळाच्या या टोकाहून त्यांचा चेहरा दिसत होता. काहीतरी चुकतंय आणि काय ते सापडत नाही, तसा. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "याची शिवी कुठाय?"

त्या धावत आल्या. मला उघडलं. "ओ रंगारी! रंगारी भाऊ! उठा!"

काही नाही.

त्यांनी मला मिटलं आणि सगळ्या ताकदीनं पुन्हा दारावर आपटलं. धाड! पुन्हा धाड! तेलबिल सगळं विसरून मी दारावर आदळत होते. कोठडी हादरली. एक नंबरमधून शिवी आली. दोन नंबरमधून त्याहून मोठी आली. पाहुण्यानं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळ्या बोळानं ओ दिली. माझी खोली तेवढी गप्प राहिली.

ताईंनी भिंतीवरचं धोक्याचं बटण दाबलं. लंबू वर गेला होता, चौकीच्या दारावरच्या गर्दीला आवरायला. जिन्यावरून साहेबांचा आवाज आला, "काय झालं?"

"तीन नंबर, साहेब! उठत नाहीये!"

"एकटी उघडू नकोस! ऐकतेयस का? मी माणूस घेऊन येतोय. थांब तिथंच!"

ताईंनी किल्ली कुलुपात घातली होती. जुडगा खुळखुळत होता. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं. काकांची करंगळी मीही पाहिली होती. हा माणूस नाटक करत असला तर? अंगानं दांडगा होता. घरी नवरा नाही, मुलगी, बहिऱ्या सासूबाई. आणि नाटक नसलं, तर? जिन्यावर पावलं वाजत होती, पण ती अजून वरच होती.

"देवा, नाटकच असू दे रे याचं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

दाराबरोबर मीही भिंतीकडे फिरले, त्यामुळे पुढचं मला तिरकं तिरकं दिसलं. त्या आत शिरल्या. त्याचा कान पिळला. खांद्याजवळ जोरात चिमटा काढला. कुणीही किंचाळला असता. हा नाही. त्याचा एक डोळा त्यांनी उघडून पाहिला आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं. मग त्या ठेंगण्या बाईनं तो दांडगा माणूस ओढून कुशीवर वळवला, त्याची हनुवटी वर केली, तोंडातली लाळ आपल्या रुमालानं पुसून काढली. आणि त्याच्या कानाशी ओरडत राहिल्या, सासूबाईंना फोनवर ओरडतात तशा. "भाऊ, ओ द्या! ओ द्या हो! मी जाणार नाहीये. ओ द्या!"

तो ओरडा ऐकून बोळ चिडीचूप झाला. पाहुणासुद्धा.

एक श्वास आला. खरखरत, ओढत, पण आला. साहेब दारात पोहोचले. कपाळावर आठ्या, तोंडात शब्द तयार होते. ते शब्द त्यांनी गिळले आणि गुडघ्यांवर बसून रंगाऱ्याचे पाय धरले, त्याला कुशीवरून पुन्हा उताणं होऊ न देण्यासाठी. रुग्णवाहिका आली. त्याला नेलं. खोली रिकामी झाली. दार उघडंच राहिलं.

दाराबाहेर त्याचे बूट होते. एकमेकांशेजारी, नीट लावलेले. ते न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. दवाखान्यातून काही कळत नव्हतं. डोक्यात आतल्या आत रक्त साचलं होतं, शस्त्रक्रिया झाली, एवढीच बातमी. वरून चौकशीला माणसं आली. त्यांनी माझी मापं घेतली, मला उघडून मिटून पाहिलं. आपटण्यानं माझी बिजागरी पार वाकली होती. बोळात उभं राहून त्यांनी ताईंना विचारलं, "तुम्ही दर खेपेला आत पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"मग?"

"पाहिलं, साहेब. विचारलं नाही. त्याची झोप मोडू नये म्हणून गप्प राहिले. माझ्याकडून चुकलं."

चौकशीवाल्यांनी आमच्या साहेबांकडे वळून विचारलं, "आणि दार यांनी एकटीनं उघडलं?"

"एकटीनं उघडलं. माझा हुकूम मोडून," साहेब म्हणाले. "माझं ऐकलं असतं तर तो माणूस आज दवाखान्यातही नसता."

ताईंवर काय कारवाई होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या कामावर येत होत्या, पण जेवणाच्या सुट्टीत फोनवर हळू बोलायच्या. पलीकडून सासूबाई "काय? काय म्हणालीस?" करत राहायच्या. जाता-येता त्या बुटांकडे बघायच्या. लंबूनं एकदा बूट उचलून कपाटात ठेवायला घेतले तर त्या त्याच्या अंगावर धावून गेल्या. "राहू दे तिथंच! तो येईल तेव्हा घालेल." लंबू बिचारा गपचूप मागं सरला. पाहुणा पुन्हा एकदा मुक्कामाला आला, त्यानंही येताना बूट बघितले आणि या खेपेला आपल्या चपला जरा बाजूला काढल्या.

आणि मग एका दुपारी लंबू एका बाईला घेऊन बोळात आला. तिच्या हातात रिकामी पिशवी होती. "रंगाऱ्याची बहीण," लंबू म्हणाला.

ताई खुर्चीतून उठल्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. माणूस गेला की घरचे त्याच्या वस्तू न्यायला येतात, हे या बोळात सगळ्यांना माहीत आहे. काही विचारायचंही त्यांना धाडस होईना.

"त्याचे बूट राहिलेत म्हणे तुमच्याकडे," बहीण म्हणाली.

"आहेत." ताईंचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बहिणीनं बूट उचलले. रंगाचे पोपडे नखानं खरवडून पाहिले, जरा हसली. "नवे घे म्हटलं तर नको म्हणतो. म्हणतो, माझेच आण." मग तिनं वर पाहिलं. "उद्यापासून चालायला लावणारेत त्याला. बोलणं अजून अडखळतंय. पण हाक मारली की ओ देतो, ताई. काल मी नुसतं दारातून 'दादा' म्हटलं, तर लगेच ओ दिली त्यानं."

ताईंनी तोंडावर हात धरला आणि त्या मटकन खाली बसल्या. खुर्ची मागं सरकली होती, त्या जमिनीवरच बसल्या. बहीण घाबरली. मग तीही पिशवी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसली आणि दोघी रडल्या. लंबू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बोळात त्या दिवशी कुणी कुणाला शिवी दिली नाही.

ताईंना लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. माझी बिजागरी हातोड्यानं ठोकून सरळ केली, पण ती काही पहिल्यासारखी बसली नाही. मी पुन्हा करकरते. आवाज बदललाय, थोडा घोगरा झालाय, पण आहे. तेलाची बाटली ताईंनी घरी परत नेली. मात्र आता त्या माझ्या करकरीवरही विसंबत नाहीत. मला उघडतात, आत बघतात आणि हाक मारतात. उत्तर येईपर्यंत तिथंच थांबतात. आतल्याला वाटतं ही बाई डोकं खातेय. वाटू दे.

मित्रांनो, मी आता गंजत चालले आहे. कधीतरी हे दार काढतील, काचेचं नवं बसवतील आणि मला पुन्हा कुठल्यातरी दुकानाच्या कोपऱ्यात टाकतील. तोवर एवढं मागते. तुमच्या घरातही कुणीतरी पांघरूण घेऊन पडलेलं असतं. आजी असते, बाबा असतात, कधी रुसलेला भाऊ असतो. तुम्ही दार किलकिलं करून बघता, झोपलाय म्हणता आणि पाय न वाजवता निघून जाता. तसं करू नका. हाक मारा. आणि ओ येईपर्यंत दारातून हलू नका.